बीपी मोजलं, पुढं काय?

साखऱ्यात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बाया एकमेकींना विचारतात, "तुला बीपी आहे का गं?" खरं म्हणजे बीपी सगळ्यांनाच असतं. हृदयातून निघालेलं रक्त नसांवर जो जोर लावतं, तो रक्तदाब. तो वाढून तसाच राहिला की आजार. वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त येत राहिला, तर डॉक्टर रक्तदाब वाढला असं म्हणतात.

हा आजार बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून कळत नाही. गडचिरोलीत सर्च संस्थेनं ८६ गावांतल्या २०११ ते २०१३ या काळातल्या मृत्यूंची कारणं तपासली. तिथं सातातला जवळपास एक मृत्यू मेंदूच्या झटक्यानं, म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो त्यानं झाला होता. लकव्याचं सगळ्यात मोठं कारण वाढलेला रक्तदाब.

मग मोजायचं कुणी? डॉक्टर दारोदार फिरू शकत नाहीत. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० ग्रामीण वस्त्यांमध्ये एक अभ्यास झाला. निम्म्या वस्त्यांत आपल्या आशाताईंसारख्या कार्यकर्त्या घरी जाऊन बीपी मोजत, समजावून सांगत, गरज असेल त्याला डॉक्टरकडं पाठवत. दोन वर्षांनी तिथल्या लोकांचा वरचा आकडा बाकीच्या वस्त्यांपेक्षा सरासरी ५ नं जास्त उतरला. नुसत्या मोजण्यानं हे झालं नाही. त्या पुन्हापुन्हा गेल्या, औषध आणि सल्ला सोबत होता, म्हणून झालं.

आता मोजायची रीत. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं शांत बसावं. पट्टा बाहीवरून नको, उघड्या दंडावर बांधावा. हात छातीच्या उंचीवर टेकलेला असावा. मोजताना गप्पा बंद! मिनिटभरानं पुन्हा मोजावं आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत.

आकडा जास्त आला तर घाबरवू नका, गावभर सांगू नका आणि शेजारणीची गोळी देऊ नका. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. वरचा १८० किंवा खालचा ११० च्या पुढं असेल, तर त्याच दिवशी. गरोदर बाईचा १४० किंवा ९० आला तरी त्याच दिवशी. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली, तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.

गोळी सुरू झाल्यावर आकडा खाली येतो आणि "आता बरं वाटतंय" म्हणून बरेच जण ती बंद करतात. आकडा गोळीमुळंच खाली असतो, गोळी सुटली की पुन्हा चढतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. मीठही माणशी दिवसाला एक छोटा चमचा, त्याहून कमीच. लोणचं, पापड, ठेच्यातलं मीठही त्यातच मोजा.

बचत गटाच्या बैठकीत हप्त्याची वही निघते, तशी बीपीचीही निघू द्या. कुणाचं मोजायचं राहिलं, कुणाची गोळी संपली, हे त्या बाईला बाजूला घेऊन विचारा. आकडा चुकला तर दुसऱ्यांदा मोजता येतो, पण लकव्यानं गेलेला हात पुन्हा पहिल्यासारखा चालेलच असं नाही.