अजिंठ्याचीं चित्रें व त्यांचीं छायाचित्रें

अजिंठ्याच्या लेण्यांचें एक छायाचित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. वाघूर नदीनें कोरून काढलेली घोड्याच्या नालेच्या आकाराची दरी, तिच्या उभ्या कड्याच्या पोटांत ओळीनें दिसणारीं लेण्यांचीं काळोखीं तोंडें, आणि त्यांत उठून दिसणारी एक मोठी कमान, असें तें दृश्य आहे. ही कमान दहाव्या लेण्याची. अजिंठ्याचा अर्वाचीन इतिहास तिच्यापासूनच सुरू होतो. आणि तो जितका सांपडण्याचा आहे, तितकाच हरवण्याचाहि आहे.

१८१९ सालच्या एप्रिल महिन्यांत मद्रासच्या फौजेंतील जॉन स्मिथ नांवाचा अधिकारी शिकारीच्या निमित्तानें या रानांत आला होता. वाघाच्या मागावर असतां झाडोऱ्याआडून त्याला ही कमान दिसली, असें सांगतात. तो आंत शिरला. शेंकडों वर्षें सांचलेल्या मातीदगडांमुळें लेण्याची जमीन बरीच वर आलेली होती. तिच्यावर उभें राहून त्यानें एका खांबावरील बुद्धाच्या चित्रावर आपलें नांव, आपली पलटण व २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरडून ठेवली. पुढें तो भराव उपसला गेला, आणि तीं अक्षरें आज उभ्या माणसाच्या डोक्यापेक्षां उंच राहिलीं आहेत.

यालाच अजिंठ्याचा 'शोध' म्हणतात. परंतु जवळच्या खेड्याचें नांवच लेणापूर आहे! ज्यांच्या गांवाच्या नांवांत लेणीं आहेत, त्यांना लेणीं ठाऊक नव्हतीं असें कसें म्हणावें? शोध लागला याचा अर्थ एवढाच कीं, डोंगरांतल्या माणसांची माहिती छापील कागदापर्यंत पोहोंचली. आणि या शोधाची पहिली खूण म्हणजे चित्रावर पडलेला एक ओरखडा होय.

या ओरखड्याचें महत्त्व कळण्यास चित्रें कशीं काढलीं होतीं हें पाहिलें पाहिजे. नववें व दहावें लेणें इसवी सनापूर्वीचें आहे. बाकीचीं बहुतेक लेणीं पांचव्या शतकांत, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळांत खोदलीं गेलीं. सोळावें लेणें त्याचा मंत्री वराहदेव यानें करविलें, असें तेथील शिलालेखावरून कळतें. कारागिरांनीं खडबडीत खडकावर तूस, गवत इत्यादि मिसळलेल्या मातीचा गिलावा चढविला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, आणि तो वाळल्यावर रंगकाम केलें. म्हणजे रंग दगडांत मुरलेला नाहीं. तो मातीच्या पापुद्र्यावर बसलेला आहे. पावसाळ्याची ओल, वटवाघळें, किडे, धूर आणि माणसाचीं नखें यांपैकीं कशानेंहि तो सुटूं शकतो. सुटलेला पापुद्रा पुन्हा मिळत नाहीं.

म्हणून या चित्रांच्या प्रतिकृति करून ठेवण्याचें ठरलें. १८४४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यास या कामावर नेमलें. अजिंठा गांवीं राहून त्यानें वर्षांमागून वर्षें मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत चित्रें उतरविलीं. तीं लंडनजवळच्या सिडनहॅम येथील स्फटिकगृहांत मांडण्यांत आलीं. डिसेंबर १८६६ मध्यें तेथें आग लागली, आणि मोजकीं चित्रें सोडून सारा संग्रह भस्मसात् झाला. गिलनें पुन्हा कुंचला हातीं धरला. १८७९ सालीं तो वारला. त्याचें थडगें भुसावळ येथें आहे.

गिलनें कॅमेराहि वापरला होता. त्यानें काढलेलीं ७४ छायाचित्रें घेऊन जेम्स फर्ग्युसन यानें १८६४ सालीं भारतांतील लेण्यांवर एक ग्रंथ काढला. खांब, कमानी, मूर्ति त्यांत स्पष्ट आहेत. पण भिंतींवरील चित्रें मात्र पाहणारास क्वचितच आढळतात. असें कां? त्या काळीं कांचेवर कोलोडिअन नांवाचा द्रव ओतून, ती ओली असतांच, दहापंधरा मिनिटांच्या आंत छायाचित्र घेऊन धुवावें लागे. अंधाऱ्या लेण्यांत एवढ्या वेळांत पुरेसा प्रकाश मिळणें कठीण. शिवाय ही कांच निळ्या व जांभळ्या किरणांनाच दाद देई. तांबड्या-पिवळ्या रंगांना ती जणुं आंधळीच होती. अजिंठ्याच्या भिंतींवर तर गेरूचें आणि पिवळ्या मातीचेंच राज्य! डोळ्यांना जें तेजस्वी दिसे, तें कांचेवर काळें उमटे.

तेव्हां कुंचल्यावाचून गत्यंतर नव्हतें. १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह प्रतिकृति केल्या. त्यांत पेस्तनजी बोमनजी हेहि होते. त्या कामाचाहि मोठा भाग १८८५ सालीं लंडनमधील संग्रहालयाच्या आगींत जळाला! उरलेल्यांच्या आधारें १८९६-९७ मध्यें दोन खंड प्रसिद्ध झाले.

विसाव्या शतकांत कांच तांबड्या रंगालाहि ओळखूं लागली. त्यामुळें हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तु खात्याचे गुलाम याझदानी यांना छायाचित्रांवरून तयार केलेले रंगीत चित्रसंग्रह काढतां आले. पहिला भाग १९३० मध्यें, चौथा १९५५ मध्यें. दरम्यान, १९२० च्या सुमारास संस्थाननें बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनीं रंग पक्के करण्यासाठीं लाखेचें रोगण लावलें होतें. तें कालांतरानें पिवळें पडून चित्रें झांकोळलीं. १९९१ सालीं बिनॉय बहल यांनीं प्रखर दिवे न लावतां, मंद प्रकाशांत कॅमेरा दीर्घ काळ उघडा ठेवून छायाचित्रें घेतलीं, आणि मूळच्या रंगांचें वैभव पुन्हा लोकांपुढें आलें. तीव्र प्रकाशानें रंग विटतात, म्हणूनच तेथें झगझगाटी दिव्यानें छायाचित्र घेण्यास मनाई आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. भिंत दरवर्षीं थोडी थोडी बदलते. छायाचित्र मात्र ज्या दिवशीं घेतलें त्या दिवसाची भिंत दाखवितें. अमुक सालीं असलेला पापुद्रा अमुक सालीं गळाला, हें जुनीं छायाचित्रें शेजारीं ठेवल्यावरच कळतें, आणि पुढची डागडुजी त्यावरून ठरतें. मात्र ज्यावर साल नाहीं, स्थळ नाहीं, असें छायाचित्र साक्ष देऊं शकत नाहीं. घरोघरच्या पेट्यांत जुन्या देवळांचीं, वाड्यांचीं, घाटांचीं अशीं छायाचित्रें पडून आहेत. त्यांच्या पाठीवर स्थळ, साल व घेणाराचें नांव हलक्या हातानें पेन्सिलीनें लिहून ठेवणें अगदीं सोपें आहे. नांव राहावें अशी इच्छा प्रत्येकास असते; तें लेण्याच्या खांबावर न खरडतां छायाचित्राच्या पाठीवर लिहिलें, तर पुढच्या पिढ्यांच्या उपयोगीं पडेल.