वणव्यावरचे आकाश, पडद्यावर

वणवा विझवताना जमिनीइतकीच आकाशातही वर्दळ असते. अमेरिकेत आगीभोवती साधारणपणे ५ सागरी मैल, म्हणजे सुमारे ९ किलोमीटर त्रिज्येचे हवाई क्षेत्र अग्निशमनासाठी राखतात. येणाऱ्या विमानाने १२ सागरी मैलांवर असतानाच रेडिओवरून संपर्क साधायचा आणि तो झाला नाही, तर ७ मैलांच्या आत यायचे नाही, असा दंडक आहे. आतले थरही ठरलेले असतात. सर्वांत खाली हेलिकॉप्टर, त्यांच्या वर अग्निरोधक द्रव टाकणारी टँकर विमाने आणि त्याहून वर घिरट्या घालणाऱ्या विमानात हवाई समन्वयक. ही सारी शिस्त रेडिओवरचे बोलणे आणि डोळ्यांनी दिसणे यांवर चालते.

ड्रोन या शिस्तीत सहज बसत नाही. तो वैमानिकाला जवळ येईपर्यंत दिसत नाही आणि त्याचा चालक जमिनीवर असतो. तरीही तो उपयोगी आहे. त्याचा इन्फ्रारेड कॅमेरा धुराआडची धग टिपतो, आणि बहुतेक विमाने उतरलेली असतात त्या रात्रीच्या वेळीही तो काम करू शकतो. म्हणून प्रत्येक ड्रोनचे स्थान आणि बेत सर्वांना दाखवणारा पडदा लागतो.

प्रसंगावधानाचे तीन टप्पे अभियंता मिका एंड्सली यांनी मांडले आहेत: काय आहे ते दिसणे, त्याचा अर्थ लागणे आणि पुढे काय होईल याचा अंदाज येणे. या पडद्याची रचनाही याच क्रमाने तपासता येते.

दिसण्यातली मोठी अडचण उंचीची. वैमानिक समुद्रसपाटीपासूनची उंची वाचतो, तर ड्रोनचालकाला बहुधा उड्डाणाच्या जागेपासूनची उंची दिसते. डोंगराळ भागात या दोन आकड्यांत हजारो फुटांचा फरक पडतो. तेव्हा दोन्ही उंची एकाच मापावर आणणे हे पडद्याचे काम. ते हिशेब माणसावर सोपवू नयेत. दरीत संदेश अडतात, म्हणून प्रत्येक खुणेशेजारी ती माहिती किती सेकंदांपूर्वीची आहे हेही दिसले पाहिजे. जुनी खूण ताजी भासली, तर ती नसलेलीच बरी.

अर्थ लागावा म्हणून माहिती निवडक हवी. समन्वयकाला सर्व थर लागतात. ड्रोनचालकाला आपली हद्द आणि जवळ येणारी विमाने पुरतात. इशारे मोजकेच असावेत, कारण सतत वाजणाऱ्या इशाऱ्याकडे माणूस दुर्लक्ष करू लागतो. भर उन्हात, हातमोजे घालूनही वापरता यावीत म्हणून बटणे मोठी लागतात. रंगांधळेपणाचा विचार करून धोका केवळ लाल-हिरव्यावर न सोडता आकारानेही दाखवावा लागतो. पुढचा अंदाज यावा यासाठी ड्रोनचा नियोजित मार्ग आणि संपर्क तुटल्यास तो कुठे परतेल, हे आधीच आखलेले असते.

नासाच्या ‘ॲसेरो’ प्रकल्पाने मार्च २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅलिनासजवळ अशा सुवाह्य यंत्रणेची चाचणी घेतली. मोबाइलचे जाळे नसतानाही चालकांना एकमेकांचे उड्डाणबेत कळावेत, हा तिचा हेतू आहे.

मात्र परवानगीविना उडणारा ड्रोन आपले स्थान या यंत्रणेला कळवत नाही. ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स वणव्यावर अशाच एका ड्रोनची धडक क्वेबेकहून आलेल्या पाणी टाकणाऱ्या विमानाला बसली. पंखाला भोक पडले आणि ऐन आगीत विमान काही दिवस जमिनीवर राहिले. पडदा कितीही चांगला असला, तरी वणव्याजवळ खासगी ड्रोन न उडवणे याला पर्याय नाही.