ल्वारच्या काठाने सायकलवर

ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी. सुमारे हजार किलोमीटर वाहत जाऊन ती अटलांटिक महासागराला मिळते. तिच्या काठाकाठाने सायकलस्वारांसाठी एक वाट आखलेली आहे, जवळजवळ नऊशे किलोमीटरची. युरोपात अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा जो लांबलचक सायकलमार्ग आहे, त्याचाच बराचसा भाग म्हणजे ही वाट. आम्ही तिचा एक तुकडा केला : ओर्लेआँ ते सोम्यूर, दोनशेहून थोडे अधिक किलोमीटर, सात दिवसांत.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले शिक्षक, दोघांचीही चाळिशी उलटलेली. आमची भाची तूर या शहरात शिकते. (मराठी कानाला हे नाव डाळीचे वाटते, पण उच्चार तसाच आहे.) तिला भेटायला जायचेच होते, मग उन्हाळी सुटीचे चार पैसे जमवून जरा पाय मोकळे करू, असे ठरले. निघण्यापूर्वी गावातल्या प्रत्येकाने तीनच प्रश्न विचारले. खाणार काय? नमाज कुठे पढणार? आणि तिकडे डोक्यावरच्या रुमालाचे काय?

आधी वाटेविषयी. ल्वारला पूर फार येत, म्हणून शेकडो वर्षांपूर्वीपासून तिच्या दोन्ही काठांना मातीचे बांध घालत आणले आहेत. सायकलची वाट पुष्कळदा याच बांधांवरून जाते. एका हाताला नदी, मधूनमधून वाळूची बेटे, त्यांवर बसलेले पांढरे पक्षी. दुसऱ्या हाताला खाली शेते, भाजीचे मळे, द्राक्षबागा. चढ जवळजवळ नाहीच. कोकणात घाट चढलेल्याला हे म्हणजे अंगणात सायकल फिरवण्यासारखे. जिथे बांध सुटतो तिथे वाट गावच्या बारीक डांबरी रस्त्यांना मिळते. गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर राखावे, असा तिथला कायदा आहे, आणि लोक तो पाळतात. एकदा एक ट्रॅक्टरवाला वळणावळणाच्या रस्त्यावर आमच्या मागे दहा मिनिटे मुकाट्याने येत राहिला. हॉर्न नाही, हातवारे नाहीत. आम्हालाच अवघडल्यासारखे झाले आणि आम्ही कडेला उतरून त्याला वाट दिली.

सायकली भाड्याच्या. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायची सोय तिथे आहे. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या, एक जादा ट्यूब, पंप, पाने, पातळ रेनकोट आणि एक घडीची चटई, एवढेच सामान. मुक्काम कधी छोट्या हॉटेलात, कधी घरगुती खोलीत. या मार्गालगतच्या ज्या मुक्कामांवर सायकलस्वारांची सोय होते, त्यांना एक ठरावीक पाटी लावलेली असते. तिथे सायकल रात्री कुलपात ठेवायला जागा मिळते.

ओर्लेआँहून निघताना आमच्या मनात एक वेगळीच गोष्ट होती. १९१४ च्या शरदात हिंदुस्थानी फौज मार्सेयच्या बंदरात उतरली आणि आघाडीवर जाण्यापूर्वी तिचा तळ याच ओर्लेआँजवळ पडला होता. त्या फौजेत पंजाबी, पठाण, गढवाली, गुरखे असे सगळे होते. बलुच पलटणीचे शिपाई खुदादाद खान याच वाटेने गेले आणि ऑक्टोबरअखेर बेल्जियममधल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले हिंदी सैनिक ठरले. पुढे वाटेतल्या प्रत्येक खेड्यात, चर्चशेजारी नाहीतर चौकात, पहिल्या महायुद्धात मेलेल्या गावकऱ्यांच्या नावांचा दगड दिसत राहिला. चार घरांची वस्ती आणि नावे वीस-पंचवीस. एकाच आडनावाची तीन-तीन. आम्ही हजेरी घेतल्यासारखे ते वाचत असू.

आता खाण्याचे. फ्रेंच खेड्यात दुकान बारा-साडेबाराला बंद होते ते दोन-अडीचपर्यंत उघडत नाही. रविवारी दुपारनंतर तर गाव ओस. म्हणून सकाळीच बेकरी गाठायची. ताजा लांब पाव, टोमॅटो, फळे, उकडलेली अंडी, दही. या भागात डुकराच्या मांसाचे पदार्थ खूप, ते सॅलडमध्येसुद्धा तुकडे करून टाकतात. आणि केकमध्ये रम असू शकते. त्यामुळे भाचीने दोन वाक्ये पाठ करून घेतली होती : डुकराचे मांस नको, दारू नको. ती म्हटली की दुकानदारीण बहुधा स्वतःच बोट दाखवून सांगे, हे घ्या, ते घेऊ नका. शेळीच्या दुधाचे चीज इथले प्रसिद्ध. सेंत-मोर नावाच्या लांबट चीजच्या पोटात गवताची एक काडी खोचलेली असते. चीज जमवायला वापरतात त्या रेनेटबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. आम्ही दोघांनीही त्याबाबत वेगवेगळे धोरण ठेवले आणि भांडलो नाही. ब्ल्वा, तूर यांसारख्या शहरांत हलाल खाटीक आणि अल्जेरियन-मोरोक्कन खानावळी मिळतात, तिथे रात्री पोटभर जेवण होई. मात्र काहीही मागण्यापूर्वी 'बाँजूर' म्हणायचे. हा त्यांचा सलाम. तो न करता थेट किंमत विचारली तर चांगला माणूसही तुटक बोलतो.

पाण्यासाठी तिथले जुने सायकलस्वार एक युक्ती सांगतात : कब्रस्तान शोधा. प्रत्येक खेड्याच्या कब्रस्तानात फुलझाडांसाठी नळ असतो. पाणी पिण्याजोगे नसेल तर तशी पाटी असते. आम्ही तिथे बाटल्या भरल्या आणि वजूही केला. नमाजाची अडचण अशी आलीच नाही, फक्त घड्याळ बदलावे लागले. जूनमध्ये तिथे जोहरची वेळच दुपारी दोनच्या सुमारास सुरू होते, मगरिब जवळजवळ दहाला आणि इशा मध्यरात्रीच्या आसपास. मुसाफिराला कस्रची सवलत आहे, तिचे मोल त्या दिवसांत कळले. बांधाखालच्या झाडीत चटई टाकायची आणि उभे राहायचे. पहिल्या दिवशी दोघांचेही तोंड सवयीने मावळतीकडे वळले, मग हसू आले. आयुष्यभर काबा पश्चिमेला. इथे तो आग्नेयेला.

रुमालाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. २०१० च्या कायद्याने चेहरा झाकायला बंदी आहे. डोक्यावरच्या रुमालाला रस्त्यावर बंदी नाही. पण २००४ पासून सरकारी शाळेत मुलींना तो घालता येत नाही, आणि सरकारी शाळेतल्या शिक्षिकेलाही नाही. म्हणजे आमच्यातली एक त्या देशात प्रवासी म्हणून मजेत फिरली, पण तिथल्या वर्गात खडू हातात घेऊन उभी राहू शकली नसती. सात दिवसांत कोणी वाईट बोलले नाही. हेल्मेटखाली रुमाल बघून एका बाईंनी नजर दुसरीकडे फिरवली, आणि दुसऱ्या एका बाईंनी आपल्या बागेतल्या चेरी ओंजळभर आणून दिल्या. दोन्ही बायका सत्तरीच्या, दोन्ही सायकलवरून पाव आणायला निघालेल्या. आम्हाला त्या वयातल्या सायकलींचेच जास्त नवल. आमच्या शाळेतल्या मुली आठवी-नववीत सायकलवर वाऱ्यासारख्या येतात. लग्न ठरले की सायकल भावाकडे जाते, आणि बाईने पुन्हा सायकलवर बसावे असे कुणाच्या मनातही येत नाही, तिच्या स्वतःच्यासुद्धा. आमच्यातली एक अडतिसाव्या वर्षी, शाळेच्या मैदानावर, संध्याकाळी मुले गेल्यावर पुन्हा चालवायला शिकली.

शाँबोरचा महाल भव्य आहे, त्याच्या रानाला ३२ किलोमीटरची भिंत आहे. पण आम्ही तिथे फार रेंगाळलो नाही. मन आंब्वाजकडे लागले होते.

आंब्वाजच्या किल्ल्यात लिओनार्दो दा विंचीची कबर आहे, गर्दी तिच्यासाठी. आम्ही गेलो अमीर अब्दुल कादिर यांच्यासाठी. अल्जेरियावर चढाई करणाऱ्या फ्रेंचांशी ते पंधरा वर्षे लढले. डिसेंबर १८४७ मध्ये त्यांनी शस्त्र खाली ठेवले ते एका वचनावर : कुटुंबासह अलेक्झांड्रिया किंवा अक्का इथे जाऊ देऊ. फ्रान्सने ते वचन मोडले. तूलाँ, पो आणि १८४८ च्या नोव्हेंबरपासून हा आंब्वाजचा किल्ला, अशी कैद झाली. घरच्या बायका, लेकरे, चाकरमाणसे सगळी सोबत. वाळवंटाच्या कडेची ही माणसे नदीकाठच्या ओलसर थंडीत राहिली, आणि त्यांतली २५ तिथेच मेली. त्यांत स्त्रिया आहेत, लहान मुलेही आहेत. १६ ऑक्टोबर १८५२ ला लुई-नेपोलियन स्वतः किल्ल्यात आला आणि त्यांना मुक्त केल्याचे सांगितले. पुढे दमास्कसमध्ये १८६० च्या दंगलीत याच अमीरांनी हजारो ख्रिस्ती लोकांना आसरा देऊन वाचवले. ज्या देशाने कैदेत ठेवले त्यानेच मग त्यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला.

किल्ल्याच्या बागेत, वरच्या बाजूला, त्या २५ जणांच्या स्मृतीसाठी २००५ मध्ये अल्जेरियन कलावंत रशीद कोरैशी यांनी २५ शिळा मांडल्या. त्यांवर कुरआनच्या आयती कोरलेल्या आहेत. सगळ्या शिळा सारख्या. बाई, बाप्या, मूल असा फरक नाही. आम्ही फातिहा पढली. शेजारून शाळेची सहल गेली, मास्तर मुलांना काहीतरी समजावत होते, मुले नेहमीप्रमाणे अर्धीच ऐकत होती. २०२२ च्या फेब्रुवारीत याच गावात अमीरांचे पोलादी शिल्प उभारले, तर उद्घाटनाच्या आधीच कुणीतरी ते मोडून ठेवले. समारंभ मात्र त्याच दिवशी, मोडक्या शिल्पासमोरच झाला. आम्ही दोन्ही ठिकाणी थोडा थोडा वेळ बसलो. त्या दिवशी पुढे अठ्ठावीस-तीस किलोमीटर तूरपर्यंत कुणी फारसे बोलले नाही.

तूरला भाचीकडे एक दिवस आराम, कपडे धुणे, आणि घरचा मसाला घालून केलेली कोंबडी. पुढे विलाँद्रीची बाग. तिथे भाजीपाला रांगोळीसारखा लावला आहे : नऊ मोठे चौकोन, प्रत्येकाची नक्षी वेगळी, आणि रंग कोबीचे, बीटचे, भोपळ्याचे. शाळेच्या परसबागेसाठी आम्ही तिथून मनात बरेच आराखडे आणले आहेत. सोम्यूरकडे जाताना पांढऱ्या मऊ दगडाचे कडे लागतात. महाल बांधायला तो दगड काढला, त्या खाणींत आता लोक अळिंबी पिकवतात आणि काही जण चक्क राहतात. कड्याला दार, दाराला पडदा, वर धुराडे.

कुणाला जायचे असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर बरा. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि खोल्यांचे भाव दोन्ही वाढतात. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो. प्रादेशिक गाड्यांत सायकल चढवता येते, पण उन्हाळ्यात आधी चौकशी करावी. आणि वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो. भाचीचे घर गाठायचे म्हणून आम्ही त्याच्या तोंडावर गेलो. गुडघे दुखत असतील त्यांनी सोम्यूरहून उलटे, वारा पाठीवर घेऊन निघावे. सोबत घरच्या सुक्या चटणीची एक बाटली असू द्यावी, त्या पावाबरोबर ती फार छान लागते.