चित्र कोणाचे, हे विचारणारा शिक्षक

ऑस्ट्रेलियात माध्यमिक शाळेत दृश्यकला शिकवू इच्छिणाऱ्यासमोर मुख्यतः दोन वाटा असतात : शालेय शिक्षण संपताच चार वर्षांची शिक्षणशास्त्राची पदवी घ्यावी, किंवा आधी कलाशाखेची पदवी मिळवून त्यानंतर ‘मास्टर ऑफ टीचिंग’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा. पहिल्या वाटेवर किमान ८० आणि दुसऱ्या वाटेवर किमान ६० दिवस शाळेत प्रत्यक्ष वर्गावर अध्यापनाचा सराव करावा लागतो. कोणतीही वाट निवडली, तरी छात्राध्यापकाला २०११ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय शिक्षक-मानकांच्या कसोटीला उतरावे लागते. या मानकांत एकूण ३७ निकष असून त्यांपैकी दोन थेट मूलनिवासींशी संबंधित आहेत : एक, ॲबोरिजिनल आणि टॉरेस सामुद्रधुनीतील द्वीपवासी मुलांना कसे शिकवावे यासंबंधीचा, आणि दुसरा, या समाजांचा इतिहास, संस्कृती व भाषा स्वतः समजून घेऊन सर्वच मुलांच्या मनात त्यांविषयी आदर निर्माण करण्यासंबंधीचा. राष्ट्रीय अभ्यासक्रमानेही मूलनिवासी इतिहास व संस्कृती हा विषय सर्व शालेय विषयांतून वाहणाऱ्या तीन अग्रक्रमांपैकी एक मानला आहे.

गणिताच्या किंवा भूगोलाच्या शिक्षकाला मूलनिवासींविषयीचे हे निकष एखाद्या घटकापुरते सांभाळता येतील, परंतु चित्रकलेच्या शिक्षकाची तशी सुटका नाही, कारण पाहणे आणि पाहिलेले पुन्हा काढणे हीच चित्रकलेच्या वर्गाची जुनी रीत आहे. व्हॅन गॉगच्या शैलीत निसर्गचित्र काढा, असे मुलांना सांगताना कोणाचा कसलाही अधिकार हिरावला जात नाही; पण मूलनिवासी शैलीत चित्र काढा, असे सांगितल्याबरोबर एखाद्या समाजाचा अधिकार डावलला जाऊ शकतो. या दोन सूचनांमधला फरक शिक्षकाच्या अंगी मुरवणे हे या प्रशिक्षणाचे खरे काम आहे आणि त्याचे मोलही तेथेच आहे.

हा फरक कोठून आला, हे समजण्यासाठी छात्राध्यापकाला ज्या इतिहासाकडे वळावे लागते, त्याची एक प्रमुख घटना योगायोगाने शाळेतच घडलेली आहे. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस सुमारे २४० किलोमीटरवर, वाळवंटात, पापुन्या ही सरकारी वसाहत होती. मूलनिवासींना गोऱ्या समाजात विरघळवून टाकण्याच्या तत्कालीन धोरणानुसार पिंतुपी, लुरित्जा, वार्लपिरी, अनमतियेर अशा वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांना तेथे एकत्र आणून वसवण्यात आले होते. १९७१ साली जेफ्री बार्डन हे तरुण कलाशिक्षक तेथील शाळेत रुजू झाले. शाळेत गोऱ्यांच्या धाटणीची चित्रे काढणारी मुले मोकळ्या वेळी मात्र वाळूत बोटांनी वर्तुळे आणि नागमोडी रेषा ओढत गोष्टी सांगतात, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी त्या आकृत्यांना वर्गात जागा देण्याचा प्रयत्न केला. शाळेच्या भिंतीवर त्या उतरवण्याची वेळ आली, तेव्हा वडीलधाऱ्या पुरुषांनी ते काम स्वतःकडे घेतले. कोणती कथा काढायची, ती काढण्याचा हक्क कोणाचा आणि त्यासाठी कोणाची संमती हवी, हे त्यांनी आपसांत ठरवले, आणि पापुन्याच्या भूमीशी जोडलेली मधमुंग्यांची कथा कापा त्जाम्पित्जिन्पा यांच्या पुढाकाराने भिंतीवर अवतरली. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, ‘पापुन्या तुला आर्टिस्ट्स’ ही चित्रकारांच्या स्वतःच्या मालकीची कंपनी स्थापन झाली आणि पश्चिम वाळवंटातील ठिपक्यांची चित्रे हळूहळू जगभरच्या कलादालनांत पोहोचली. मूळ भित्तिचित्रावर मात्र काही वर्षांतच रंग फासण्यात आला. वसाहतीच्या प्रशासनाला त्याचे महत्त्व कळले नव्हते.

ही घटना बार्डन यांच्या चांगुलपणाची कथा म्हणून सांगितली, तर तिचा अर्धाच अर्थ हाती लागतो. ‘ड्रीमिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेत पूर्वजांनी भूमी घडवल्याच्या कथा, त्या भूमीवरचे विधी आणि आजचे सामाजिक नियम एकात एक गुंफलेले असतात, आणि त्यातील प्रत्येक भाग ठरावीक माणसांच्या सांभाळात असतो. पापुन्यात सुरुवातीला फळ्यांवर काढलेल्या चित्रांत असे काही पवित्र तपशील उतरले होते, की जे दीक्षा न झालेल्यांनी अथवा स्त्रियांनी पाहू नयेत असा दंडक होता. त्यावरून समाजात तीव्र नाराजी उमटली, पुढे ते तपशील गाळले गेले, आणि ठिपक्यांचे दाट थर देऊन काही गोष्टी झाकण्यात आल्या, असे अनेक अभ्यासक मानतात. शाळेच्या कार्यपत्रिकेवर कासवाच्या बाह्यरेषेत भरायला दिले जाणारे ठिपके निव्वळ सजावटीचे वाटतात. ज्या परंपरेतून ते उचलले गेले, तिथे तेच ठिपके राखणदाराचे काम करत असू शकतात, हे एकदा समजलेला शिक्षक ती कार्यपत्रिका पुन्हा हाती घेणार नाही.

शिवाय ठिपके म्हणजे संपूर्ण मूलनिवासी कला नव्हे. वसाहतकाळाच्या आरंभी या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. आर्नहेम लँडमध्ये झाडाच्या सालीवर गेरू, पिवळी माती आणि पांढऱ्या मातीने बारीक छेदरेषांची जाळी भरतात. या जाळीला ‘रार्क’ म्हणतात आणि तिच्या विशिष्ट रचना विशिष्ट कुळांच्या असतात. किंबर्ली प्रदेशातील वांजिना ही मुखहीन, मोठ्या डोळ्यांची दैवते वोरोरा, ङारिन्यिन आणि वुनाम्बल या समाजांची आहेत. आग्नेयेकडे पोसम या प्राण्याच्या कातडीचे कोरीव झगे बनत, तर टॉरेस सामुद्रधुनीतील आजचे कलावंत लिनोछापात मोठे नाव मिळवून आहेत. मेलबर्नच्या शाळेतील मुलांना वाळवंटातील ठिपके काढायला लावणे म्हणजे ज्या भूमीवर ती शाळा उभी आहे, तिच्याच लोकांकडे पाठ फिरवणे होय.

कायद्याचा इतिहासही या प्रशिक्षणात महत्त्वाचा आहे. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाने दशमान चलन आणले, तेव्हा एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलांगी यांच्या सालीवरील चित्राचा उपयोग त्यांना न विचारता करण्यात आला. मोबदला आणि पदक नंतर, चूक लक्षात आल्यावर देण्यात आले. १९९४ चा गालिच्यांचा खटला तर प्रत्येक कलाशिक्षकाने अभ्यासावा असा आहे. जॉर्ज मिल्पुरुरु, बांडुक मारिका आदी कलावंतांची चित्रे विनापरवाना उचलून व्हिएतनाममध्ये गालिचे विणवून घेण्यात आले आणि ते ऑस्ट्रेलियात विकले गेले. ज्या पुस्तिकांतून ही चित्रे उचलण्यात आली, त्यांत मूलनिवासी संस्कृतीची ओळख करून देण्याच्या शैक्षणिक हेतूने, कलावंतांच्या संमतीने छापलेला संचही होता. न्यायालयाने सुमारे १,८८,००० ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई मंजूर केली आणि कलावंतांना झालेली हानी केवळ आर्थिक नसून सांस्कृतिक आहे, हेही मान्य केले. कारण कुळाची प्रतिमा पायाखाली तुडवली गेली, तर तिच्या रक्षणाची जबाबदारी असलेल्या कलावंताला आपल्या समाजापुढे उत्तर द्यावे लागते. चित्रकार बुलुन बुलुन यांच्या १९९८ च्या खटल्यात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, चित्रकाराचे आपल्या कुळाप्रती विश्वस्तासारखे कर्तव्य असते, असे म्हटले. शैक्षणिक हेतू चांगला असला, म्हणून प्रतिमेच्या वापराचे उत्तरदायित्व संपत नाही, हा धडा या दोन्ही निवाड्यांतून शिक्षकाने घ्यावा.

मग वर्गात करायचे काय? न्यू साउथ वेल्सच्या दृश्यकला अभ्यासक्रमाने दिलेली एक चौकट येथे उपयोगी पडते. कलावंत, कलाकृती, जग आणि प्रेक्षक या चार घटकांमधील नाती शोधत चित्र वाचायचे, अशी ही पद्धत आहे. त्यामुळे चित्राच्या पृष्ठभागावर न थांबता ते कोणी, कोठे, कोणासाठी आणि कोणत्या अधिकाराने काढले, या प्रश्नांपर्यंत विद्यार्थ्याला जावेच लागते. हयात असलेल्या किंवा नजीकच्या काळातील कलावंतांचा अभ्यास हा या पद्धतीचा कणा आहे, कारण मूलनिवासी कला म्हणजे गुहेतील जुनी वस्तू, ही समजूत मोडण्याचा त्याहून चांगला मार्ग नाही. गॉर्डन बेनेट यांनी कॅप्टन कुकच्या आगमनाची पाठ्यपुस्तकी चित्रे घेऊन त्यांचा अर्थच उलटवला. आर्ची मूर यांनी २०२४ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत काळ्या भिंतींवर खडूने आपली अतिविशाल वंशावळ लिहिली आणि ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदाच सुवर्णसिंह पुरस्कार मिळवून दिला. अशा कलाकृती पाहिल्यावर मुलांनी त्यांची नक्कल करायची नसते. स्वतःच्या कुटुंबाची, स्वतःच्या जागेची, तिथल्या मिटवलेल्या इतिहासाची चौकशी स्वतःच्या माध्यमात करायची असते.

न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम भागात तेथील मूलनिवासी समाजासोबत घडलेली ‘आठ मार्ग’ ही अध्यापनपद्धतीही छात्राध्यापकांना शिकवली जाते. गोष्ट सांगणे, शिकण्याचा नकाशा रेखणे, न बोलता कृतीतून शिकणे, चिन्हे व प्रतिमा वापरणे, भूमीशी सांधणे, सरळ रेषेत न जाता शिकणे, आधी संपूर्ण पाहून मग भाग करणे आणि शिकलेले समाजाकडे परत नेणे, असे हे आठ मार्ग आहेत. येथे मूलनिवासी दृष्टी पाठाच्या आशयापुरती न उरता शिकवण्याच्या रीतीत शिरते, आणि कलेचा वर्ग तिला सर्वांत अनुकूल ठरतो, कारण हाताने करत करत शिकणे तेथे आधीपासूनच रूढ आहे.

यापलीकडची तयारी रोजच्या व्यवहाराची असते. शाळा ज्यांच्या पारंपरिक भूमीवर आहे, त्या समाजाशी पाठ आखण्यापूर्वीच बोलावे लागते. दिवंगत कलावंताचे नाव वा छायाचित्र दाखवण्याआधी त्याच्या कुटुंबाच्या रूढीचा विचार करावा लागतो. वर्गात आलेल्या कलावंताला अन्य कोणत्याही तज्ज्ञाप्रमाणे मानधन द्यावे लागते. या गोष्टींना वेळ लागतो, आणि प्रशिक्षणाची दुबळी बाजू नेमकी तेथे उघडी पडते. मूलनिवासी शिक्षणाचा एखादाच स्वतंत्र घटक-अभ्यासक्रम पूर्ण करून छात्राध्यापक शाळेत गेला आणि तेथील मार्गदर्शक शिक्षक तीच जुनी ठिपक्यांची कार्यपत्रिका वाटत असला, तर विद्यापीठात शिकलेले बऱ्याचदा गळून पडते. चूक होईल या भीतीने विषयच टाळणारे शिक्षकही असतात. हे टाळणे सभ्य दिसले, तरी त्यातून मुलांच्या हाती काहीच पडत नाही, आणि परिणामाच्या दृष्टीने ते नक्कल करण्याइतकेच हानिकारक आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशी असलेला संबंध दूरचा नाही. पापुन्यात भिंत रंगत होती, साधारण त्याच काळात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू परिसरातील वारली पाड्यांत कागद आणि रंग पोहोचवले. लग्नाच्या वेळी सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर रेखायचा देवचौक, त्यातील पालघाट देवी आणि धवलेरीची गाणी यांच्या चौकटीतून बाहेर येऊन जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रभाषा जगासमोर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज राज्यातील असंख्य शाळांच्या भिंतींवर, कुंड्यांवर आणि चित्रवह्यांच्या किनारींवर वारलीच्या त्रिकोणी आकृत्या दिसतात. परंतु देवचौक कोणी रेखायचा आणि का, हे त्या काढणाऱ्या मुलांना क्वचितच सांगितले जाते. वारलीला भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी मानांकन बाजारातील नाव राखते, वर्गातील समज घडवत नाही. आपल्या कलाशिक्षक पदविकेचा अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी वारली समाजातील चित्रकारांना, विशेषतः स्त्रियांना, अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांच्या पंक्तीत बसवावे, त्यांच्या अध्यापनाचे रीतसर मानधन द्यावे आणि काय शिकवायचे, काय पाड्यातच राहू द्यायचे, हा निर्णय त्यांच्यावर सोपवावा.