पैसे आले का? – एका बोलक्या डब्याची गोष्ट

ऐकणाऱ्यांचं स्वागत आणि बसमध्ये हेडफोन विसरला म्हणून इथे वाचणाऱ्यांचंही स्वागत.

आजचा विषय जरा कॉर्पोरेट वाटेल: कंपन्या आपल्या सेवेत नवीन काही आणतात, ते नेमकं कसं? पण त्यासाठी आपण कुठल्या मीटिंग रूममध्ये जाणार नाही. आपण जाणार आहोत पोह्यांच्या गाडीवर.

हिंजवडीत माझ्या ऑफिसजवळ एक मावशी पोहे विकतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्या गाडीवर नुसता क्यूआरचा स्टिकर होता. सकाळी नऊची गर्दी, एका हातात झारा, दुसऱ्या हातात प्लेट आणि फोन पिशवीत. लोक स्कॅन करायचे, लांबूनच स्क्रीन दाखवायचे, “मावशी, झालं बघा!” आणि निघून जायचे. एक दिवस चार प्लेटचे १२० रुपये असेच “झाले” आणि आलेच नाहीत. मावशींना ते कळलं रात्री, हिशेब जुळेना तेव्हा. मला म्हणाल्या, “बाळा, मी पोहे परतू का मेसेज बघू?”

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे सर्व्हरवर ‘सक्सेस’ अशी ओळ उमटली की काम संपलं. पण मावशींसाठी ते संपलेलं नव्हतं.

अडचण कुठे होती?

यूपीआय आलं एप्रिल २०१६ मध्ये. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे काही सेकंदांत जायला लागले. तंत्रज्ञान म्हणून जबरदस्त! पण नीट बघा, पैसे देणाऱ्याला मोठी हिरवी खूण दिसते. घेणाऱ्याला काय? एक एसएमएस, तोही कधी उशिरा. मालकाचा फोन मालकाच्या खिशात आणि गाडीवर उभा पोरगा, तर त्याला काहीच दिसत नाही. त्यात खोटी ‘पेमेंट सक्सेसफुल’ स्क्रीन दाखवणारी ॲप निघाली. स्टिकरवर रक्कम आपणच टाकायची असते, म्हणजे ३०० च्या जागी कुणी ३० टाकले तरी पटकन कळत नाही.

२०१९ मध्ये पेटीएमनं साउंडबॉक्स आणला. मग फोनपे, भारतपे, सगळ्यांचेच डबे आले. फोनपेच्या डब्यातून २०२३ पासून अमिताभ बच्चन यांचा आवाजसुद्धा यायला लागला.

आत चालतं काय?

तुम्ही स्कॅन करता. तुमच्या बँकेतून पैसे कापले जातात, एनपीसीआयच्या यंत्रणेतून दुकानदाराच्या बँकेत जमा होतात. तशी खात्री कंपनीच्या सर्व्हरला मिळते आणि सर्व्हर त्याच दुकानाच्या डब्याला एक छोटासा निरोप पाठवतो. डब्यात स्वतःचं सिमकार्ड असतं, त्यामुळे दुकानदाराचा फोन बंद असला तरी चालतं. म्हणजे आवाज तुमच्या स्क्रीनवरून येत नाही, सर्व्हरकडून येतो. खोटा स्क्रीनशॉट इथे हरतो.

बोलण्यातही गंमत आहे. साध्या पद्धतीत आधी रेकॉर्ड केलेले तुकडे जोडतात. इंग्रजीत ‘ट्वेंटी’ आणि ‘फाइव्ह’ जोडले की पंचवीस होतात. त्यामुळे १ ते ९९ साठी २७ तुकडे पुरतात. मराठीत मात्र पंचवीस वेगळे, पस्तीस वेगळे, एकोणसाठ तर अजूनच वेगळे. पूर्ण ९९ तुकडे लागतात! “आपल्या भाषेतही द्या” हे म्हणायला सोपं आहे, पण त्यामागे कुणीतरी एवढं काम केलेलं असतं.

आता विचार करा, यात नवीन काय होतं? स्पीकर जुना, सिम जुनं, रेकॉर्डिंग जुनं. नवीन होता तो प्रश्न: आपलं काम संपल्यावरही कोण काळजीत उभं आहे? माझ्या मते सेवेतली बरीचशी सुधारणा इथूनच निघते.

मग पैसे कोण देतं?

हा भाग सहसा कुणी सांगत नाही. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय पेमेंटवर जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. म्हणजे दुकानदाराकडून व्यवहारामागे कमिशन घेता येत नाही. मग कंपनीनं कमवायचं कसं? डब्याचं भाडं, महिन्याला साधारण शंभर रुपयांच्या आसपास. शिवाय रोज किती पैसे येतात ते कंपनीला दिसतं, त्यावरून दुकानदाराला कर्ज देऊ केलं जातं आणि हप्ता रोजच्या जमेतूनच कापता येतो.

मावशींना विचारलं, परवडतं का? म्हणाल्या, “परवडतं रे. आता मान वर करून बघावं लागत नाही. पण पावसात आठ दिवस गाडी बंद होती, भाडं मात्र कापलंच. डबा परत न्या म्हटलं तर फोन कुणी उचलेना.”

हे ऐकून मला थोडी लाज वाटली, कारण असे निर्णय आमच्यासारखेच लोक घेतात. सुरू करायचं बटण मोठं आणि बंद करायचं कुठेतरी आत लपवलेलं. डब्यानं एक काळजी घालवली आणि कंपनीनं दुसरी हातात दिली.

म्हणून एखादी नवीन सेवा दिसली की मी आता दोन गोष्टी बघतो. यानं कुणाची काळजी कमी झाली? आणि नको झाली तर ती व्यक्ती सहज बाहेर पडू शकते का? पहिल्याचं उत्तर जाहिरातीत मिळतं. दुसऱ्याचं उत्तर गाडीवर उभं राहूनच मिळतं.

तुमच्यापैकी कुणी ॲप बनवत असेल, स्टार्टअपचा विचार करत असेल, तर एक करा. उद्या चहा प्यायला जाल तेव्हा पेमेंट झाल्यावर लगेच निघू नका. डबा बोलेपर्यंत थांबा आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा. नेटवर्क गेलं असेल आणि डबा गप्प असेल, तर स्वतःहून फोन दाखवून रक्कम आणि वेळ सांगा, आणि त्यांना त्यांच्या फोनवर बघू द्या. तेवढी दोन मिनिटं आपल्याकडे असतात.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!