औषधानेच पोट बिघडले तर?

अँटिबायोटिकनंतर होणारा आतड्यांचा संसर्ग चिवट असतो. पण वेळीच ओळखला आणि धीर धरला, तर रुग्ण पूर्ण बरा होतो.

दाढ ठणकत होती म्हणून सासूबाईंना दंतवैद्याकडे नेले. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. सात दिवसांच्या कॅप्सूल मिळाल्या, दाढ शांत झाली, घरच्यांना हायसे वाटले. पण कॅप्सूल संपून चार दिवस होतात न होतात तोच जुलाब सुरू झाले. पहिल्या दिवशी चार वेळा, दुसऱ्या दिवशी दहा वेळा. ‘काहीतरी बाधलं असेल’ असे म्हणून सुनेने जायफळ उगाळून दिले, ताकभात दिला. मुलाने कोपऱ्यावरच्या दुकानातून जुलाब थांबवण्याच्या गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी ताप भरला, ओटीपोटात कळा येऊ लागल्या आणि सासूबाईंना उठून बसवेना.

डॉक्टरांनी पोट तपासले आणि पहिला प्रश्न विचारला, “गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणतं अँटिबायोटिक घेतलं होतं का?”

“दाढेसाठी घेतलं होतं,” सून म्हणाली, “पण डॉक्टर, दाढेचा पोटाशी काय संबंध?”

संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. असा प्रसंग कोणत्याही घरात येऊ शकतो. म्हणूनच प्रत्येक घराला हा संबंध ठाऊक असायला हवा.

पोटातले राखणदार

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू कायमचे वस्तीला असतात. त्यातले बहुतेक उपद्रवी नसतात. उलट ते न पचलेल्या अन्नाचे विघटन करतात आणि बाहेरून आलेल्या रोगजंतूंना पाय रोवू देत नाहीत. अँटिबायोटिक पोटात गेले की ते दाढेतल्या जंतूंबरोबर या राखणदारांनाही मारते. औषधाला मित्र आणि शत्रू यांतला फरक कळत नाही.

त्यामुळे अँटिबायोटिक घेताना थोडे पातळ शौचास होणे नवीन नाही. बहुतेकांना तेवढाच त्रास होतो आणि औषध थांबले की पोटही ताळ्यावर येते. पण काहींच्या बाबतीत रिकाम्या झालेल्या जागेवर ‘क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल’ नावाचा जिवाणू कब्जा करतो. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात ‘सी डिफ’ म्हणतात. तो विष तयार करतो, त्या विषाने आतड्याच्या अस्तराला सूज येते आणि जुलाब, ताप, पोटदुखी सुरू होते. दुखणे बळावले तर आतडे फुगते आणि जिवावरही बेतू शकते.

हा जिवाणू १९३५ साली अमेरिकेत नवजात बाळांच्या शौचात सापडला. प्रयोगशाळेत तो वाढवणे अवघड गेले म्हणून ‘अवघड’ या अर्थाचा लॅटिन शब्द त्याच्या नावात आला. गंमत अशी, की तान्ह्या बाळांच्या पोटात तो अनेकदा काही त्रास न देता राहतो. त्याचे खरे रूप उघड व्हायला चाळीस वर्षे लागली. क्लिंडामायसिन हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या आतड्यांना गंभीर सूज येते, हे १९७४ मध्ये लक्षात आले आणि त्यामागे हाच जिवाणू आहे, हे १९७८ मध्ये सिद्ध झाले. २०१६ मध्ये त्याचे ‘क्लॉस्ट्रिडिऑइडिस’ असे नवे नामकरण झाले, पण स्वभाव तोच राहिला.

धोका कोणाला?

पासष्टी ओलांडलेल्यांना, नुकतेच रुग्णालयात राहून आलेल्यांना, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना हा धोका अधिक असतो. आम्लपित्तासाठी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांमध्येही तो जास्त आढळतो. क्लिंडामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातली आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे यासाठी विशेष बदनाम आहेत. मात्र जवळपास कोणत्याही अँटिबायोटिकमुळे हे घडू शकते. जुलाब औषध चालू असतानाच लागतील असे नाही. कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही ते सुरू होऊ शकतात. म्हणूनच घरच्यांना दोन्ही गोष्टींचा मेळ लागत नाही.

दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पाण्यासारखे शौचास होत असेल आणि अलीकडे अँटिबायोटिक घेतले असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी. सोबत ताप, पोटात कळा किंवा शौचावाटे रक्त असेल, तर एक दिवसही थांबू नये. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मनाने देऊ नयेत. त्यांनी आतड्याची हालचाल मंदावते आणि विष आतच कोंडून राहण्याची भीती असते.

उपचार कसे होतात?

शौचाची तपासणी करून निदान होते. शक्य असेल तर डॉक्टर आधीचे अँटिबायोटिक बंद करतात. पण तो निर्णय त्यांचाच असतो, रुग्णाने तो परस्पर घेऊ नये. पुढचा उपचार ऐकून घरचे चक्रावतात, कारण अँटिबायोटिकने झालेल्या या दुखण्यावर पुन्हा अँटिबायोटिकच द्यावे लागते! फरक इतकाच, की व्हँकोमायसिन किंवा फिडॅक्सोमायसिन ही औषधे तोंडाने घेतली तर रक्तात फारशी शोषली जात नाहीत, आतड्यातच राहून काम करतात. कोर्स साधारण दहा दिवसांचा असतो. पूर्वी सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडॅझोल आता ही औषधे मिळत नसतील तेव्हा सौम्य आजारात वापरले जाते.

पहिल्या काही दिवसांत खरी लढाई असते ती अंगातले पाणी टिकवण्याची. बाजारातले ओआरएसचे पाकीट उत्तम. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा घ्यावा. घोट घोट करून हे पाणी दिवसभर देत राहावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती द्यायचे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. लघवी कमी होणे, तोंडाला कोरड पडणे, गुंगी येणे ही धोक्याची घंटा समजावी.

पुन्हा उलटले तर?

सासूबाई बऱ्या झाल्या. घरात पुन्हा हसणे-बोलणे सुरू झाले. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे पुन्हा तोच त्रास! “आता मी यातून उठत नाही,” असे म्हणत त्यांनी जेवणच सोडले. काही खाल्ले की शौचाला लागेल, या धास्तीने देवळात जाणे बंद, शेजारी बसणे बंद.

या दुखण्याचा हाच सर्वांत जाचक भाग आहे. साधारण पाचांपैकी एका रुग्णाला पहिल्या काही आठवड्यांत ते पुन्हा होते. कारण या जिवाणूचे बीजाणू औषधाला दाद देत नाहीत. राखणदारांची वस्ती पुन्हा भरण्याआधीच ते डोके वर काढतात. यात उपचार चुकला असे नाही आणि रुग्णाचाही दोष नाही. अशा वेळी डॉक्टर औषध बदलतात किंवा व्हँकोमायसिनचे प्रमाण काही आठवडे हळूहळू उतरवत नेतात.

वारंवार उलटणाऱ्या दुखण्यावर एक उपाय ऐकायला विचित्र, पण परिणामकारक आहे. निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू शुद्धीकरण करून रुग्णाच्या आतड्यात सोडायचे, म्हणजेच उजाड गावात पुन्हा माणसे वसवायची. अमेरिकेतल्या डेन्व्हर येथील शल्यचिकित्सक बेन आयझमन यांनी १९५८ मध्ये चार रुग्णांवर याचे यशस्वी उपचार नोंदवले होते. २०१३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १६ पैकी १५ रुग्ण या पद्धतीने बरे झाले, तर फक्त व्हँकोमायसिन घेणाऱ्या १३ जणांपैकी चारच. दात्याच्या कसून तपासण्या कराव्या लागत असल्याने हा उपचार तज्ज्ञांच्याच हातून व्हायला हवा. घरी असले प्रयोग जिवावर बेततील.

घरी काय सांभाळावे?

भूक लागेल तसा मऊ भात, मुगाचे वरण, पेज, केळे द्यावे. तळलेले आणि तिखट काही दिवस दूर ठेवावे. दुधाने पोट फुगत असेल तर तेही थोडे दिवस थांबवावे. सोसत असेल तर ताजे दही-ताक जरूर द्यावे, मात्र ते औषधाची जागा घेऊ शकत नाही.

हा संसर्ग हातांवाटे पसरतो. अल्कोहोलच्या सॅनिटायझरने बीजाणू मरत नाहीत. साबण आणि वाहते पाणी हाच उपाय. रुग्णाचा टॉवेल वेगळा ठेवावा. शौचालय ब्लीचच्या द्रावणाने धुवावे, पण ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरे क्लीनर कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

जुलाब थांबल्यावरही काही आठवडे पोट हळवे राहते. एखाद्या दिवशी सैल झाले की दुखणे उलटलेच असे नाही. त्रास नसताना पुन्हा शौच तपासण्याचीही गरज नसते, कारण बरे झाल्यावरही तपासणीत जंतू दिसू शकतो. पातळ जुलाब पुन्हा तीनदा झाले, तर मात्र तडक दवाखाना गाठावा.

लाल रेघ लक्षात ठेवा

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये एक मोहीम सुरू केली. औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ दिसली, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, असा तिचा संदेश. सर्दी, साधा खोकला, फ्लू हे विषाणूंचे आजार आहेत, तिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून पुढच्या वेळी वापरणेही चूकच. मात्र गरज असेल तेव्हा या भीतीने औषध टाळू नये. दाढेतला पू दुर्लक्षिला, तर तोही घातक ठरतो.

दुसऱ्या कोर्सनंतर सासूबाईंचे दुखणे परतले नाही. अंगात ताकद यायला दोन महिने लागले. आधी अंगणापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत आणि एका गुरुवारी सुनेचा हात धरून देवळापर्यंत त्या गेल्या. सुनेने घरातल्या फाइलीत एक कागद लावून ठेवला आहे. त्यावर औषधाचे नाव, तारीख आणि पुढे काय झाले ते लिहिले आहे. पुढच्या वेळी कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर तोच कागद आधी दाखवायचा, असे घरात ठरले आहे.