डिस्कसचा टँक लावायचाय? आधी महिना-दीड महिना नुसतं पाणी सांभाळा

गेल्या महिन्यात गोरेगावहून (आपल्या माणगाव तालुक्यातलं गोरेगाव, मुंबईचं नव्हे) एक ताई दुकानात आल्या. आपल्या बॅचला बसलेल्या. हातात वही, वहीत हिशोब. भिशीचे साठ हजार हातात आलेत, त्यात डिस्कसचा धंदा सुरू करायचा. वीस मासे आणायचे, महिन्याभरात विकायचे, पुन्हा वीस आणायचे.

"सर, एका माशामागे चारशे-पाचशे सुटतात ना? मग वीसचे आठ-दहा हजार झाले की."

मी म्हटलं, "ताई, हिशोब बरोबर आहे. फक्त तो मासे जिवंत राहिले तर बरोबर आहे. वहीत पाण्याचं पान कुठाय?"

ते पान नव्हतंच. बहुतेकांच्या वहीत नसतं. माझ्याही नव्हतं, म्हणून आधी माझं सांगतो.

२०१८ साली गावातल्या एका डॉक्टरांनी माझ्याकडून चार फुटी टँक घेतला, वेटिंग रूमसाठी. शनिवारी टँक बसवला, रविवारी सहा डिस्कस सोडले. पाणी काचेसारखं स्वच्छ. मी खूश, डॉक्टर खूश. सहाव्या दिवशी मासे काळे पडून कोपऱ्यात जमले, नवव्या दिवसापर्यंत चार गेले. मी पैसे परत केले, पण पेशंटसमोर मेलेले मासे काढावे लागले ते काही परत करता आलं नाही. त्या दवाखान्यात आज टीव्ही आहे. चूक पूर्णपणे माझी होती. स्वच्छ दिसणारं पाणी आणि तयार झालेलं पाणी यात फरक असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पाणी तयार होणं म्हणजे काय

मासा खातो, घाण करतो, श्वास घेतो, त्यातून अमोनिया बाहेर पडतो. अमोनिया म्हणजे विष. फिल्टरच्या स्पंजमध्ये एक जातीचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइट पण विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. हे दोन्ही जिवाणू नव्या टँकमध्ये जवळपास नसतातच. ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. डॉक्टरांच्या टँकमध्ये मी फक्त एक रात्र दिली होती.

दह्याचं उदाहरण घ्या. नुसतं दूध ठेवून दही लागत नाही, विरजण लागतं. तुमच्याकडे जुना, निरोगी गप्पीचा टँक चालू असेल तर त्यातला स्पंज नव्या फिल्टरमध्ये टाका, तेच तुमचं विरजण. तरी मासे सोडायचे नाहीत. रोज चिमूटभर खाणं रिकाम्या टँकमध्ये टाकायचं, ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना जेवण मिळतं. टेस्ट किट आणायचं, थेंबांचं. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर शून्यावरच राहिले, नायट्रेट दिसायला लागलं, की टँक तयार. किट महाग वाटतं, पण एका मेलेल्या डिस्कसपेक्षा स्वस्तच पडतं.

आता कोणी म्हणेल, एवढं गप्पीला तर करत नाही. खरंय. गप्पी सोसतो, डिस्कस सोसत नाही. हा मासा मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातला. १८४० मध्ये हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, आणि थाळीसारख्या गोल अंगावरून नाव पडलं डिस्कस. तिकडचं पाणी कोमट, मऊ, थोडं आंबट. त्यामुळे याला २८ ते ३० अंश तापमान लागतं. आणि गोम इथेच आहे : पाणी जितकं गरम आणि पीएच जितका जास्त, तितका तोच अमोनिया जास्त जहरी होतो. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. म्हणजे डिस्कसला जे आवडतं, त्यातच त्याचा धोका वाढतो.

माणगावचं पाणी

इथे आपण नशीबवान आहोत. कोकणात पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या वर, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मऊ असतं. देशावरचे दुकानदार आरओ लावून जे पाणी बनवतात, ते आपल्याला बऱ्याचदा विहिरीत मिळतं. पण "बऱ्याचदा" या शब्दावर धंदा करू नका. बोअरचं पाणी जड निघू शकतं. टीडीएस मीटर आणि पीएच किट घेऊन स्वतःच्या पाण्याची नोंद निदान महिनाभर ठेवा. फार्मवर वाढलेले डिस्कस पीएच ६ ते साडेसातमध्ये नीट राहतात. आकडा नेमका किती यापेक्षा तो रोज तोच राहणं महत्त्वाचं. म्हणून पीएच कमी करायच्या बाटल्या मी विकत असलो तरी नवख्याला देत नाही.

पावसाळ्यात दोन गोष्टी होतात. नळाचं पाणी गढूळ येतं, आणि पाण्यात टीसीएल पावडर जास्त पडते. तो क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना जाळतो आणि आपले जिवाणूही मारतो. पाणी थेट नळातून टँकमध्ये कधीच नाही. दोनशे लिटरचं पिंप ठेवा, त्यात एअर स्टोन सोडून एक दिवस पाणी मुरू द्या, क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट वापरा. काहीजण पागोळीचं पाणी धरतात. नुसतं पावसाचं पाणी वापरू नका, त्यात क्षार नसल्यासारखेच असतात, पीएच अचानक कोसळतो.

टँक, काच, हीटर

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. उंची कमी नको, कारण मासा सहा इंचांपर्यंत वाढतो आणि उभा पसरतो. काठापासून दोन इंच रिकामं सोडलं तर साधारण ३१० लिटर पाणी बसतं. एका मोठ्या डिस्कसला चाळीस लिटर धरा, म्हणजे सहा मासे आरामात. काच १२ एमएम. पाणी, काच, स्टँड मिळून वजन सव्वाचारशे किलोच्या आसपास जातं, म्हणून जुन्या घरात फळीच्या माळ्यावर टँक बसवायला मी सरळ नाही म्हणतो. स्टँड लेव्हलमध्ये हवा आणि टँकखाली थर्माकोलची शीट हवीच.

सहाच का, दोन का नाहीत? दोन ठेवले तर तगडा दुसऱ्याला मारून मारून उपाशी ठेवतो. पाच-सहांत ती दादागिरी वाटली जाते. तळाला खडे घालू नका, नुसती काच ठेवा, घाण दिसते आणि काढता येते. मागचा कागद फिकट निळा लावा. पिजन ब्लड जातीच्या माशावर गडद टँकमध्ये काळे ठिपके उठतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, मासा आजारी आहे.

हीटर एक ४०० वॉटचा घेण्यापेक्षा २०० चे दोन घ्या. एक बंद पडला तर दुसरा सांभाळतो, आणि एक चालूच अडकला तरी एकट्याने टँक लगेच शिजवत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री माणगावात पारा पंधरा-सोळापर्यंत उतरलेला मी पाहिलाय. त्या दिवसांत दोन्ही हीटर मिळून दहा तास चालले तरी रोजचे चार युनिट, महिन्याला १२०. दुकानाचं मीटर व्यावसायिक दराचं, हे विसरू नका. वर झाकण घातलं की उष्णता बरीच वाचते. एप्रिल-मेमध्ये हीटर जवळजवळ लागतच नाही.

खाण्याबद्दल एवढंच : परदेशी व्हिडिओत बीफ हार्ट सांगतात, आपल्याकडे कोळंबी आहे. सोललेली, धुतलेली, बारीक करून गोठवलेली. उरलेलं पंधरा मिनिटांत काढायचं. आठवड्यातून दोनदा तीस ते चाळीस टक्के पाणी बदलायचं, बदलायचं पाणी त्याच तापमानाचं हवं, आणि पाणी काढण्याआधी हीटरचा प्लग काढायचा. माझ्या पोऱ्याने एकदा नाही काढला, हीटर फुटला.

लाइट गेली तर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, सगळीकडे खांब आडवे. आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. त्यात लॉकडाऊन. माझ्याकडे दुकानात पाच डिस्कस होते आणि इन्व्हर्टर नव्हता. जूनचा उकाडा, त्यामुळे तापमानाची चिंता नव्हती, ऑक्सिजनची होती. आम्ही घरातली तिघं आळीपाळीने तांब्याने पाणी उचलून वरून धार धरत बसायचो. खाणं पूर्ण बंद केलं. मोठा मासा काही दिवस उपाशी राहू शकतो, आणि खाल्लंच नाही तर अमोनियाही कमी होतो. तीन वाचले.

तेव्हा शिकलो की फिल्टर बंद राहिला की आतले जिवाणू हवेविना मरतात, आणि बंद डब्यातलं ते सडकं पाणी लाइट आल्यावर पंप थेट टँकमध्ये फेकतो. कॅनिस्टर तासन्‌तास बंद होता तर उघडून, टँकच्याच पाण्यात धुऊन मगच चालू करा. आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप पहिल्या दिवसापासून घ्या. पावसाळ्याआधी घेऊ असं म्हणू नका, पाऊस सांगून येत नाही.

मासे आणि पैसे

मासे मुंबईहून, क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याहून आणता येतात. दुकानात माशाला खाताना बघा. डोळा अंगाच्या मानाने मोठा दिसत असेल तर वाढ खुंटलेला आहे. काळपट, कोपऱ्यात, पांढरी दोऱ्यासारखी शी, असा मासा फुकट दिला तरी नको. सहाही एकाच ठिकाणचे घ्या. पिशवी टँकमध्ये वीस मिनिटं तरंगवा, थोडं थोडं पाणी मिसळा, मग मासा जाळीने सोडा. पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी घालत बसू नका. उघडल्यावर आतला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि पिशवीतला साठलेला अमोनिया जहरी होतो. आणि गणपतीच्या आठवड्यात हायवेने तर मुळीच आणू नका, माणगावच्या ट्रॅफिकमध्ये माणूस टिकत नाही, मासा काय टिकणार. सगळ्या नव्या माशांना तीन-चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा. त्या टँकलाही तयार झालेला स्पंज लागतो.

आता ताईंचा हिशोब. खरं सांगायचं तर आपल्या गावात महिन्याला वीस डिस्कस विकले जात नाहीत. पण चालू, सुंदर डिस्कस टँक दुकानात असला की माणसं थांबतात. ज्याला डिस्कस परवडत नाही तो गप्पी आणि टेट्रा घेतो. आणि ज्याला परवडतो, तो हॉटेलवाला, डॉक्टर, बंगल्यावाला, त्याला टँक सांभाळायला वेळ नसतो. महिन्याच्या देखभालीचं काम तिथे मिळतं. माझी खरी कमाई त्यातून येते, मासा विकून नाही. म्हणून टँक विकताना मी मासा सहा आठवड्यांनी देतो आणि ते आधीच बिलावर लिहून देतो. दोन गिऱ्हाइकं त्यामुळे निघून गेली. जाऊ देत.

वीस मासे वाढवायचेच असतील तर तो दुकानाचा नाही, संगोपनाचा धंदा झाला. त्यासाठी २०२० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे संगोपन युनिटचा खर्च ३ लाख धरलाय, त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. म्हणजे ताईंसाठी १ लाख ८० हजारांपर्यंत. अलिबागला मत्स्यव्यवसाय विभागाच्या ऑफिसात जाऊन योजनेची मुदत आणि निधी विचारूनच पुढचं पाऊल टाका, अनुदान गृहीत धरून कर्ज काढू नका.

ताईंनी साठातले वीस-बावीस हजार टँक, फिल्टर, हीटर, किट आणि पिंपावर घातले. बाकीचे बँकेत. माझ्या टँकमधला एक जुना स्पंज घेऊन गेल्या. रोज रात्री व्हॉट्सॲपवर टेस्ट ट्यूबचा फोटो येतो. आज अठरावा दिवस. अमोनिया शून्य, नायट्राइटची नळी अजून गडद जांभळी. मुलगा विचारतो म्हणे, "आई, मासे कधी येणार?" मी लिहिलं, "त्याला सांगा, नळी निळी झाली की आठवड्याने."